गिरणीवालीचा पणतू

एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली आणि कधीचीच बंद पडलेली एक कापड गिरणी आहे. तिचा सगळा कारभार सध्या आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यातून चालतो आणि तो माझे थोरले साडू एकटे चालवतात. गिरणी इथे नाही. ती पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात, रेल्वेने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. साडूंनी तिथे एक दिवसही नोकरी केलेली नाही. गिरणी चालू असताना त्यांनी ती पाहिलेलीसुद्धा नाही. त्यांची उभी हयात आदिलाबादच्या कापूस मार्केटात ग्रेडर म्हणून गेली. शेतकऱ्याची गाडी आली की तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढत राहायचा आणि धाग्याची लांबी सांगायची, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की मोजपट्टीवाले आपली मोजपट्टी बरोबर आहे का ते त्यांना येऊन विचारत. निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं बघतात, काही नुसती रक्तातली साखर बघतात. साडू कंपनी बघतात. गिरणीला ते नुसतं ‘कंपनी’ म्हणतात. जगात दुसरीही एखादी कंपनी असू शकते हे त्यांना पटवण्याचा नाद आम्ही सगळ्यांनी सोडला आहे.

त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरलीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. एकाच माणसानं फसवलेली दोन माणसं म्हणजे साडू, असं आमचे सासरे स्वतःच म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाही पश्चात्ताप नसे. मी मराठी शाळेत गणित शिकवून रिटायर झालो. माझं घर साडूंच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे आहे आणि एवढं अंतर पुरेसं नाही हे मला फार उशिरा कळलं.

साडूंच्या अंगठ्यांना अजून निवृत्ती मिळालेली नाही. समोरचा माणूस कोण आहे, कशासाठी आला आहे, हे विचारण्याआधी ते त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरतात. एका भाच्यासाठी मुलगी बघायला आम्ही मंचेरियलला गेलो होतो. मुलीचे वडील कोळशाच्या खाणीत होते, माणूस सरळ, पाहुण्यांसाठी नवा शर्ट घालून बसलेला. जयभीम झाला, पाणी आलं, आणि साडूंनी शेजारी बसलेल्या त्या गृहस्थांची बाही धरली. थोडा वेळ चोळली. मग डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात त्या आवाजात म्हणाले, “मिक्स हाय. पॉलिस्टर जास्त हाय याच्यात.” मुलीचे वडील आत गेले आणि शर्ट बदलून आले. साडूंनी तोही तपासला. “हा बरा हाय,” म्हणाले. सोयरीक जमली, पण त्या घरी अजून ‘शर्ट बघायला आलेले पाहुणे’ अशीच आमची ओळख आहे.

या अंगठ्यांनी एकदा त्यांना अडचणीतही आणलं. पेन्शनसाठी दरवर्षी आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं. पूर्वी त्यासाठी नुसतं समोर जाऊन उभं राहिलं की भागे. आता मशीनवर अंगठा ठेवावा लागतो. साडूंनी ठेवला. मशीन मान्य करेना. डावा ठेवला, तोही नाही. कापूस ओढून ओढून अंगठ्यांवरच्या रेघा कधीच गुळगुळीत झाल्या होत्या. ऑफिसातली तेलुगू मुलगी बिचारी तीन वेळा पुसून पुसून थकली आणि म्हणाली, “अंकल, आपका फिंगर नहीं आ रहा.” साडू म्हणाले, “कैसा आयेगा बेटी, वो कापूस में गया.” मग त्यांनी तिथेच बसून दरखास्त लिहिली. मी जिवंत आहे, परंतु माझे अंगठे सरकारी नोकरीत खर्ची पडले असून त्यांची झीज खात्याने सोसावी, असा तिचा मजकूर होता. पुढे डोळ्यांवरून त्यांची ओळख पटवण्यात आली. डोळे कंपनीच्या कागदांत खर्ची पडेपर्यंत ही सोय चालेल असं दिसतं.

कंपनीचा भोंगा दिवसातून चार वेळा व्हायचा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन साडूंनी तो आपल्या फोनमध्ये घालून घेतला आहे. पहाटेचा, कामाला लागायचा, जेवणाचा आणि सुट्टीचा. फोन खिडकीत असतो आणि आवाज पुरता मोठा. सुरुवातीला गल्लीतल्या तेलुगू कुटुंबांना वाटलं की जवळच आगीचा बंब ठेवला आहे. मग हळूहळू सगळ्यांनाच सवय झाली. शेजारच्या मॅडम दुसऱ्या भोंग्याला डबे भरतात, पलीकडचा पिठाच्या गिरणीवाला तिसऱ्याला पट्टा उतरवतो. एकदा साडू लग्नासाठी तीन दिवस बेज्जूरकडे गेले. फोनही अर्थातच त्यांच्याबरोबर गेला. त्या तीन दिवसांत निम्मी गल्ली कामावर उशिरा पोचली. परत आल्यावर शेजारच्या मॅडम येऊन शांतपणे म्हणाल्या, “अंकल, जाने से पहले बता के जाया करो.” तेव्हापासून गावाला जाताना ते दारावर ‘कंपनी अमुक दिवस बंद’ अशी पाटी लावतात.

आक्काचं या सगळ्यावर एकच म्हणणं असतं. “यायचं लगन कंपनीशी झालं हाय. मी बदली कामगार होय.” हे ती भाकरी थापता थापता म्हणते, रागाने नाही, ज्वारीचं पीठ यंदा चांगलं आहे असं म्हणावं तसं. साडूंना ते ऐकू जातं. बदली कामगारांवर कंपनीने केलेला अन्याय हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय असल्यामुळे ते मान हलवतात.

रोज तिसऱ्या आणि चौथ्या भोंग्याच्या मधल्या वेळात ते माझ्याकडे चहाला येतात. या चहात माझी नेमणूक संचालक मंडळ म्हणून आहे. कंपनीच्या मूळ शेठांनी सुरुवातीला विलायतेहून दुसऱ्या गिरणीने वापरून टाकलेल्या मशिनी आणल्या होत्या. ही गोष्ट साडूंना सहन होत नाही. कप हातात घेऊन ते विचारतात, “मास्तर, जुन्या मशिनी काऊन घेतल्या?”

“स्वस्त मिळाल्या असतील,” मी म्हणतो.

“असं म्हणून चालते काय? पट्टे तुटले, माणसं बसून राह्यले. नव्या घेतल्या असत्या तं काय बिघडत होतं?”

एके दिवशी माझ्या पायाला गाठ आली होती आणि वाद घालायची ताकद नव्हती. मी म्हणालो, “चुकलंच आमचं.” साडू थबकले. शंभराहून अधिक वर्षांत कंपनीने प्रथमच काहीतरी कबूल केलं होतं. “लिहून देता?” त्यांनी विचारलं. मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. ते त्यांनी मिसलीला, म्हणजे कंपनीच्या फायलीला, लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरच्या गुळाची भेली आणून दिली आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.

तर साडू कंपनीचा इतिहास लिहितात. आतापर्यंत चौदा वह्या झाल्या आहेत. पहिल्या वहीत काळी माती तयार होते. दुसऱ्यात तिच्यात कापूस उगवतो. तिसरी पूर्ण बैलांवर आहे, कारण इथला कापूस बैलगाडीने नदीपलीकडे रेल्वेपर्यंत जात असे. चौथीत निजामाचा करोडगिरीचा नाका येतो, म्हणजे नदीकाठी मालावर जकात घेणारी चौकी. तिथे गाड्या इतका वेळ अडकून पडतात की पाचवी वहीही त्यातच जाते. मी एकदा न राहवून विचारलं, “साडूभाऊ, शेठ कधी येतील?” ते म्हणाले, “कापूस पोचल्याबिगर शेठ येऊन करतीन काय?” शेठांचा जन्म सातव्या वहीत झाला. त्या दिवशी मी स्वतः पेढे घेऊन गेलो.

कंपनीने आपल्या भरभराटीच्या काळात स्वतःचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक छापून घेतलं होतं. ते साडूंनी एका रद्दीवाल्याकडून पैदा केलं आणि माझ्याकडून दोन उन्हाळ्यांत त्याचं भाषांतर करून घेतलं. त्यात शेठांची वंशावळ आहे. बॉयलर कोणी बसवला, चिमणी किती उंच, पहिल्या साहेबाची बायको कोणती फुलझाडं लावायची, सगळं आहे. साहेबाच्या घोड्याचं नाव दोन ठिकाणी आलं आहे. कामगार बायकांबद्दल एक वाक्य आहे: सूत गुंडाळण्याच्या खात्यात स्त्रियांना घेतले जाई, कारण त्यांची बोटे बारीक असतात. हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा साडूंनी विचारलं, “पुढं?” मी म्हणालो, “पुढे वायुवीजन आहे.” 

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की माणसाला छंद आहे. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटत होतं आणि त्या वर्षांत मी त्यांची जी काय थट्टा केली तिची आता मला लाज वाटते.

साडूंची पणजी आमच्याच भागातल्या एका गावात दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. एका साली गावोगावच्या काही बाया मिळून पायी निघाल्या, पैनगंगा उतरल्या आणि गिरणीत जाऊन कामाला लागल्या. त्यांत ती होती. काही वर्षांनी ती परत आली तेव्हा तिच्या कडेवर एक मूल होतं आणि गाठोड्यात एक चित्र. मूल म्हणजे साडूंचे आजोबा. चित्र म्हणजे कंपनीच्या ताग्यावर चिकटवायचं रंगीत तिकीट. त्याच्यावर एक ठसठशीत बाई हातात सूत घेऊन कमळात उभी आहे. आता ताग्यावरचं तिकीट म्हणजे काय हे गावात कोणाला माहीत असणार? गावाने देवी समजून तिला कुंकू लावलं. पुढची कितीतरी वर्षं कंपनीची जाहिरात देवळीत बसून नारळ घेत होती. तिला नवस बोलत आणि ती पावतही असे. मग धम्मदीक्षा आली. घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीवर न्यायचं ठरलं. टोपली उचलायच्या वेळी आजोबांनी हात घालून तेवढं चित्र काढून घेतलं. तरुण मंडळी चिडली. म्हणाली, देवी ठेवता येणार नाही. आजोबा म्हणाले, “हे देवी नाई, हे कंपनी हाय. माही माय इथं कामाले होती.” यावर झाडाखाली बैठक बसली. बराच खल झाला आणि कुंकू न लावण्याच्या अटीवर कंपनीला घरात राहण्याची परवानगी मिळाली. आज ती साडूंच्या पुढच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीपासून अदबीचं अंतर राखून, विजेच्या मीटरशेजारी लटकते आहे.

पण ही सगळी गोष्ट सांगताना साडूंना एका ठिकाणी नेहमी अडखळावं लागतं, कारण पणजीचं नाव कोणालाच माहीत नाही. गाव तिला गिरणीवाली म्हणायचं. सून आत्याबाई म्हणायची. मुलगा माय म्हणायचा. कागदावर तिचं नाव यायचं काही कारणच पडलं नाही. साडूंनी तहसीलच्या निजामाच्या वेळच्या मिसली उलट्यापालट्या केल्या, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारलं, काही लागलं नाही. मार्केट यार्डाच्या पायरीवर बसून एकदा त्यांनी मला हे सांगितलं. कापसाचा भाव सांगावा तसं सहज सांगायला लागले, पण आवाज तसा राहिला नाही.

“आजोबा गेले तवा मी सात वर्षाचा होतो. त्यायनं मायकडून सगळं आयकलं होतं. मी त्यायच्या बाजेपाशी बसून रोज विचारू. भोंगा कसा वाजे, सूत कातायच्या चात्या किती होत्या, साहेबाचा घोडा कोणत्या रंगाचा. सगळं विचारलं मास्तर. मायचं नाव काय होतं तेवढं नाई विचारलं.”

मी म्हणालो, “सात वर्षांच्या पोराला काय सुचतं?”

“चात्या सुचल्या ना,” ते म्हणाले.

तेव्हा मला त्या चौदा वह्या कशाच्या आहेत ते समजलं. काळ्या मातीपासून सुरुवात करून, बैल, नाका, शेठ, बॉयलर असं करत करत हा माणूस एका बाईपर्यंत पोचायला निघाला होता. वाटेत सगळ्यांची नावं लिहीत चालला होता, म्हणजे तिच्यापाशी पोचल्यावर तिचंही लिहिता येईल.

दर सहा महिन्यांनी साडू कंपनीच्या मॅनेजरला पत्र टाकत. कंपनीला मॅनेजर उरला नव्हता, कुलूप होतं, हे त्यांना माहीत होतं. “टपाल तं जाते ना,” एवढंच ते म्हणत. आणि मागच्या हिवाळ्यात उत्तर आलं. पोस्टकार्डावर, वळणदार अक्षरात. मी ते पाठ केलं आहे. ‘गिरणीच्या नावाचे टपाल पोस्टमन सवयीने माझ्याकडे टाकतो. मी तेथे टाइमकीपर होतो. आपली एकोणीस पत्रे मिळाली. प्रकृतीमुळे उत्तरास विलंब झाला. सूत गुंडाळण्याच्या खात्याच्या फार जुन्या हजेरीच्या दोन वह्या मजपाशी आहेत. येणार असल्यास लवकर यावे. वाळवी लागली आहे.’

कार्डावरच्या नंबरावर साडूंनी पोचायची वेळ कळवली, दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली आणि आम्ही दोघे निघालो. आक्काने साडूंचा खास सुती शर्ट इस्त्री करून दिला, दशम्या बांधल्या, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “भेटलं तं मले पयले फोन करा. अन् नाई भेटलं तं यायले एकट्याले सोडू नका.” तिला सगळं माहीत होतं.

टाइमकीपर काका नव्वदीच्या घरातले, बारीक, ताठ. दार उघडल्याबरोबर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “आठ मिनिटं उशीर.” साडूंनी माफी मागितली आणि मागता मागता त्यांच्या धोतराचा काठ चिमटीत धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “कंपनीचं हाय,” साडू म्हणाले. काकांनी काठाकडे बघितलं. “शेवटच्या ताग्यातलं,” ते म्हणाले, आणि आत जाऊन स्वतः चहा टाकून आले.

वह्या मोडी लिपीत होत्या. काकांना मोडी वडिलांकडून आलेली. ते बोट ठेवून वाचत होते आणि मी उतरवून घेत होतो. प्रत्येक बाईचं नाव, तिच्या मुकादमाचं नाव, आणि तिचं गाव. गावं वाचताना साडू पुढे सरकून बसले. वऱ्हाडातली गावं आली, वर्धेकाठची आली. मग एका पानावर गावाच्या जागी नुसतं ‘मोगलाई’ यायला लागलं. तिकडची माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणत. पैनगंगेच्या अलीकडे किती गावं आहेत, कोणती बाई कुठून चालत आली, याची वही लिहिणाऱ्या कारकुनाला फिकीर नव्हती. नदीपलीकडचं सगळं त्याला एकच. अशा अकरा बाया होत्या. पुनी, ठकी, जाई, राही, सोनी, भागी, चिंधी, गंगी, येसी, कोंडी, तुळशी.

“याच्यात लेकरूवाली कोणती?” साडूंनी विचारलं.

“मुलाची नोंद नाही,” काका म्हणाले. “मूल काम करत नाही ना.”

“नवऱ्याचं नाव?”

“पुरुषांच्या खात्यात बापाचं आहे. बायकांच्या नाही.”

“कोणती कवा काम सोडून गेली, ते?”

काकांनी पान उलटलं. पुढची पानं वाळवीने आधीच वाचून संपवली होती. साडूंनी वही आपल्याकडे घेतली. त्यांना मोडीचं अक्षर येत नाही. ते त्या अकरा ओळींवरून अंगठा फिरवत राहिले, वरून खाली, पुन्हा वरून खाली. मला त्या क्षणी खरोखर वाटलं की हे आता सांगतील. शेकडो गाड्यांतून नेमका पुंजका ओढून काढलेला माणूस होता तो. पण त्यांनी वही मिटली, परत दिली आणि पाणी मागितलं. काकांनी पाणी दिलं. निघताना काका फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “चूक आमच्याकडून झाली आहे.” ते फक्त टाइमकीपर होते, आणि तेही फार नंतरचे. पण त्यांनी हे म्हटलं आणि साडूंनी त्यांचा हात धरला.

परतीच्या गाडीत साडू खिडकीशी बसले. आक्काला फोन मी केला. काय सांगायचं ते न कळून, येतो म्हणालो. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर साडू म्हणाले, “आता काय लिवू, मास्तर?”

मी जन्मभर गणित शिकवलं. मी म्हणालो, “एखादं नाव धरा. अकरात एकदा तरी ते बरोबर असण्याची शक्यता आहे.” हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी माझी अर्धी पेन्शन दिली असती.

“अन् दहा बार दुसऱ्याची माय होईन ते,” साडू म्हणाले. एवढंच. मग खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे आठ-दहा दिवस भोंगा वाजला नाही. शेजारच्या मॅडम दोनदा येऊन माझ्याकडे चौकशी करून गेल्या. चहाला कोणी येईना आणि मी चारच्या सुमाराला उगीच फाटकापर्यंत जाऊन येऊ लागलो. संचालक मंडळाला जाब विचारणारं कोणी उरलं नाही की किती मोकळं वाटतं, असं मी बायकोला म्हणालो. तिने दुसरा कप उचलून फळीवर ठेवला.

मग आक्का बोलावणं घेऊन आली. रविवारी घरी पुण्यानुमोदन आहे, म्हणाली. गेलेल्या माणसाच्या नावाने भंतेजींना बोलावून वंदना करायची, चार लोकांना जेवू घालायचं, असा आमच्यातला रिवाज. आजोबांचं झालं होतं, आजीचं झालं होतं. पणजीचं कधी झालं नव्हतं, कारण तिथे नाव घ्यावं लागतं.

रविवारी भंतेजी आले. आसनावर बसल्यावर त्यांनी कोणाच्या स्मरणार्थ ते विचारलं. साडूंनी चिठ्ठी पुढे केली. भंतेजींनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“या सगळ्या आपल्या घरच्या?”

“एक आमची हाय, भंतेजी,” साडू म्हणाले. “कोणती ते समजत नाई.”

“मग बाकीच्या दहा?”

“त्या तिच्या संगं गेल्या होत्या. रस्ता लंबा होता. संगंच नाव घ्या त्यायचं.” मग म्हणाले, “त्यायच्याबी घरी कोणाले माईत नसन.”

भंतेजींनी मान डोलावली आणि म्हणाले, नावं घरच्यांनीच वाचावीत. साडू उठले, चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडून पहिलं नावही निघेना. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी वाचली. हजेरी घ्यायची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे प्रत्येक नावानंतर मी आपोआप थांबत होतो. पुनी. ठकी. जाई. खोलीत भाचा होता, मंचेरियलची सून होती, शेजारच्या मॅडम होत्या, ज्यांना यातलं अक्षर कळत नव्हतं आणि तरी त्या हात जोडून उभ्या होत्या. मी थांबलो की आक्का साडूंकडे बघायची. साडू खाली बघत होते. तुळशीपर्यंत आलो आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा यादी फार लहान निघाली.

जेवणं झाली, माणसं पांगली. साडू ओसरीवर हात धूत होते. मी तांब्याने पाणी घालत होतो. विचारायला नको होतं, पण विचारलं. “साडूभाऊ, वाचत होतो तेव्हा कोणती वाटली?”

त्यांनी हात नीट पुसले. “तुमी वाचून राह्यले होते ना मास्तर,” ते म्हणाले, “तवा अकराही बार तेच वाटली.”

मग ते आक्काला भांडी उचलू लागायला आत गेले. नावांची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. परत द्यायची म्हणून रोज आठवण होते, पण अजून दिलेली नाही.